फळांच्या पायची कृती गोव्याच्या हवेसाठी लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ जवळ आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ॲपल पाय, फ्रूट पाय अशा पायच्या, म्हणजे मैद्याच्या पारीत फळांचे सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेल्या पदार्थाच्या, कृती येऊ लागतात. त्या वाचून गोव्यातल्या कितीतरी घरांत ओव्हन तापतो आणि नंतर तक्रार बहुधा एकच असते. पाय वरून खरपूस दिसतो, पण कापला की तळाची पारी ओली आणि चिकट निघते, सारण ताटभर वाहते. करणाऱ्याच्या हाताला दोष देऊ नये. थंड देशातल्या स्वयंपाकघरासाठी आणि तिथल्या घट्ट आंबट सफरचंदासाठी लिहिलेली कृती शब्दशः मराठीत आणून छापली, तर डिसेंबरातही दुपारी ३० अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्या ओट्यावर ती फसणारच. म्हणून हे पत्र जरा लांबले तरी छापावे ही विनंती.

पहिली अडचण मापांची. अमेरिकन कप २४० मिलिलिटरचा. त्यात मैदा चमच्याने हलका भरला तर १२० ग्रॅम बसतो, कप डब्यात बुडवून दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. अडीच कपांत हा फरक ७५ ग्रॅमचा होतो आणि तेवढ्याने पारी दगडासारखी कडक होते. आपल्या घरातल्या वाट्या तर कुठल्याच एका मापाच्या नसतात. बटरची 'एक स्टिक' म्हणजे ११३ ग्रॅम, हे कृतीत कुणी सांगत नाही. '३५० अंशांवर भाजा' हा आकडा फॅरनहाइटचा, म्हणजे सुमारे १७७ सेल्सिअस. घरगुती ओटीजीची (छोट्या विजेच्या ओव्हनची) तबकडी २५० सेल्सिअसलाच संपते, तेव्हा ३५० वाचणाऱ्याने ती शेवटपर्यंत पिळली तर त्याचे काय चुकले? आणि 'खोलीच्या तापमानाचे बटर' हे २० अंशांच्या आसपासच्या खोलीचे. आपल्याकडे ओट्यावर अर्धा तास ठेवलेले बटर बोट बुडेल इतके मऊ होते.

या बटरपाशीच सगळा खेळ आहे. पारीला पदर सुटतात ते पिठात राहिलेल्या बटरच्या चपट्या, थंड तुकड्यांमुळे. ओव्हनच्या जोरदार आचेत तुकडा वितळतो, त्यातल्या साधारण १६ टक्के पाण्याची वाफ होते आणि ती वाफ वरचा-खालचा पिठाचा थर उचलून धरते. साट्याच्या करंजीत दोन पोळ्यांमधला साटा जे काम करतो, तेच काम इथे हे तुकडे करतात. बटर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान पूर्ण वितळते, पण त्याच्या बरेच आधी ते मऊ पडून पिठाला चोपडले जाते. एकदा चोपडले गेले की पारी खुसखुशीत होईल, पदर मात्र सुटणार नाहीत. तूप वापरून हे जमत नाही ते याच कारणाने. तुपात पाणीच नसते, म्हणून वाफही नाही. तुपाच्या मोहनाची पारी भुसभुशीत होते आणि रसाळ सारणाखाली ढासळते.

२३ सेंटिमीटर (९ इंच) व्यासाच्या आणि ४ सेंटिमीटर खोलीच्या टिनसाठी, खालची व वरची पारी धरून, प्रमाण असे: मैदा ३०० ग्रॅम, बिनमिठाचे बटर २०० ग्रॅम, पिठीसाखर १५ ग्रॅम, मीठ एक सपाट छोटा चमचा, बर्फाचे पाणी ८० ते ९० मिलिलिटर. बटर खारे असेल तर मीठ अजिबात घालू नये. माडाच्या व्हिनेगरचा एक छोटा चमचा पाण्यात मिसळला तर फ्रिजमध्ये ठेवलेली कणीक राखाडी पडत नाही. तो घातलाच पाहिजे असे नाही.

मैदा, मीठ, साखर एकत्र चाळून ताटासकट अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवावे. बटरचे दीड सेंटिमीटरचे तुकडे करून तेही २० मिनिटे फ्रीझरमध्ये. आपल्या हवेत याहून सोपी वाट म्हणजे बटरची अख्खी वडी कडक गोठवून जाड किसणीवर थेट पिठात किसणे. हाताची ऊब कमीत कमी लागते. तुकडे असतील तर ते पिठात घोळवून दोन बोटांत दाबून नाण्यासारखे चपटे करावेत आणि निम्मे तुकडे छोल्याएवढे झाले की थांबावे. पुढे चोळत राहिले तर रव्यासारखे मिश्रण होते. नानकटाईला ते ठीक, पायला नाही.

पाणी चमच्याचमच्याने शिंपडावे आणि काट्याने हलवावे. मूठ वळली आणि दाबल्यावर गोळा टिकला की पाणी पुरे झाले, कडेला कोरडा चुरा दिसला तरी चालतो. पावसाळ्यात मैदा हवेतला दमटपणा आधीच पिऊन बसलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये ६० मिलिलिटरवर थांबून अंदाज घ्यावा. पोळीची कणीक मळायची सवय इथे सर्वात जास्त नुकसान करते. मळल्याने ग्लुटेन, म्हणजे पिठातले चिवट प्रथिन, घट्ट होते, लाटताना पारी मागे ओढली जाते आणि भाजताना टिनच्या कडेवरून घसरून आत पडते. मळायचे नाही, फक्त गोळा करून दाबायचे. त्याचे दोन भाग, एक थोडा मोठा, दोन सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करून झाकून फ्रिजमध्ये किमान एक तास. रात्रभर ठेवल्या तर फारच उत्तम, कारण मग लाटण्याचे काम पहाटेच्या गारव्यात उरकता येते.

आता सारण. गोव्यात मसालेदार फळांच्या पायसाठी सर्वात योग्य फळ अननस, असे माझे ठाम मत आहे. फोंड्याजवळच्या सावईवेरे, केरी, प्रियोळकडच्या कुळागरांत (पोफळीच्या बागांत) पोफळीच्या सावलीत अननस आणि केळी वाढतात, झाडांवर मिरीचे वेल चढलेले असतात, आणि त्याच बागांत जायफळही लागते. जायपत्री, दालचिनीची सालही तिथून मिळते. पायच्या सारणाला लागणारे जवळजवळ सगळे एका बागेतून येते, आणि तरी आपण परदेशी मसाल्याच्या बाटलीसाठी दुकाने शोधतो.

सोलून, डोळे आणि मधला दांडा काढून ९०० ग्रॅम अननस हवा. शेंडीसकट एकेक किलोचे दोन अननस लागतात. बुडाकडून तिसरा हिस्सा पिवळा झालेला घ्यावा. पूर्ण पिवळा, आंबूस वासाचा अननस भाजताना लगदा होतो. दीड सेंटिमीटरचे तुकडे करून त्यांना १२० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ लावून तासभर चाळणीत ठेवावे. खाली दोन-अडीचशे मिलिलिटर रस जमतो. तळ ओला राहण्याचे मूळ या रसात आहे. कच्चे फळ तसेच पारीत भरले की हा सगळा रस ओव्हनमध्ये सुटतो आणि खालची पारी त्यात उकडते.

तो रस ६० ग्रॅम माडाच्या गुळासह जाड बुडाच्या भांड्यात उकळून साधारण १५० मिलिलिटरवर आणावा. माडाचा गूळ नसेल तर उसाचा काळसर गूळ चालेल, पण गोव्याच्या दोदोल या मिठाईत जी खमंग कडसर चव असते ती माडाच्या गुळाचीच. गुळात कचरा असेल तर आधी गाळून घ्यावे. मग तुकडे घालून पाच मिनिटे शिजवावे.

घट्टपणासाठी कृतींत कॉर्नफ्लोअर लिहिलेले असते. अननसासारख्या आंबट रसात ते फार वेळ उकळले की त्याची पकड सुटते आणि घट्ट झालेले सारण पुन्हा पातळ होते. साबुदाणा मिक्सरमधून अगदी बारीक दळून चाळून घेतला तर तो आंबटपणात जास्त टिकतो आणि सारण काचेसारखे पारदर्शक राहते. ९०० ग्रॅम फळाला ३० ग्रॅम पूड, तीन मोठे चमचे गार पाण्यात १५ मिनिटे भिजवून, उकळत्या सारणात ढवळत घालावी. गढूळपणा गेला की एक मिनिटात खाली उतरवावे. कॉर्नफ्लोअरच वापरायचे असेल तर तेवढेच घ्यावे आणि मिनिटभरापेक्षा जास्त उकळू नये.

मसाला सारण उतरवल्यावर घालावा: दालचिनीची पूड एक छोटा चमचा, सुंठ अर्धा, ताजी भरडलेली मिरी पाव, किसलेले जायफळ पाव, आणि चार लवंगांची पूड. जायफळ याहून जास्त झाले की जिभेवर कडूपणा रेंगाळतो. लवंग जास्त झाली तर दंतमंजनाचा वास येतो. बाजारातली बहुतेक दालचिनी जाड, कडक, एकाच वळीची असते. ती तिखट असते, म्हणून एक चमचा पुरे. पातळ पापुद्र्यांची, बोटाने चुरडणारी सौम्य साल मिळाली तर दीड चमचा घ्यावी. मसाले भाजून घ्यायची गरज नाही, पुढे ते तासभर ओव्हनमध्येच असणार आहेत. पावसाळ्यात सादळलेले असतील तर कोमट तव्यावर नुसते सुकवून कुटावेत. तयार गरम मसाला कधीही नको, त्यात धने-जिरे असते. आणि वेलचीचा मोह टाळावा. वेलची घातली की अननसाचा पाय अननसाच्या शिऱ्यासारखा लागायला लागतो, मग दालचिनी-मिरीला काही अर्थ उरत नाही. वेलची आंब्यासाठी राखून ठेवावी.

शेवटी अर्ध्या लिंबाचा रस आणि २० ग्रॅम बटर. सारण पूर्ण गार करून फ्रिजमध्ये ठेवावे. 'कोमट झाल्यावर भरा' असे लिहिलेली कृती आपल्या हवेत पाळू नये. कोमट सारण खालच्या पारीतले बटर ओव्हनच्या आधीच वितळवते.

लाटताना पारी दोन बटरपेपरांमध्ये किंवा धुऊन कापलेल्या दुधाच्या जाड पिशव्यांमध्ये लाटावी. वरून पीठ भुरभुरावे लागत नाही. जाडी तीन मिलिमीटर, खालच्या पारीचा व्यास ३१ सेंटिमीटर. ओटा तापलेला असेल तर त्यावर बर्फाचा ट्रे दहा मिनिटे फिरवून पुसून घ्यावा. बटरचे पिवळे ठिपके पारीत दिसले पाहिजेत. ते दिसेनासे होऊन पारी चकाकायला लागली की लगेच १५ मिनिटे फ्रिजमध्ये. पंखा लावून काही साधत नाही, कणीक गार होत नाही आणि कडा सुकून चिरतात. टिनमध्ये पारी सैल सोडून कोपऱ्यात बसवावी, ताणू नये. ताणलेली पारी भाजताना तेवढीच आखडते.

तळाला सारण भरण्यापूर्वी दोन गोष्टींपैकी एक करावी. घरात पेराद (पेरूच्या गराची गोड वडी) असेल तर ५० ग्रॅम पेराद दोन चमचे पाण्यात वितळवून, गार करून पारीवर पातळ हात फिरवावा. पेरूतले पेक्टिन (जॅमला घट्ट करणारा घटक) रसाला थोडा वेळ अडवते आणि चवही छान जमते. नसेल तर वाळलेल्या पावाचा भाजलेला चुरा दोन मोठे चमचे पसरावा. मग गार सारण, वर झाकणाची पारी किंवा दोन सेंटिमीटरच्या पट्ट्यांची जाळी. अननसाला जाळी बरी, वाफ मोकळी सुटते. अख्खे झाकण असेल तर पाच-सहा लांब चिरा हव्यातच. कडा नेवरीसारखी (करंजीसारखी) मुरड घालून बंद करावी. मुरड हे काम आपल्या घरांतल्या बायकांना विलायती काट्याच्या नक्षीपेक्षा शतपटीने चांगले येते आणि सारणही फुटून बाहेर येत नाही. वरून फेटलेले अंडे, किंवा अंडे चालत नसेल तर थोडी साखर घातलेले दूध लावावे. भरलेला टिन पुन्हा २० मिनिटे फ्रिजमध्ये.

भाजण्याबद्दल कृती सर्वात कमी बोलतात आणि पाय सर्वात जास्त तिथेच बिघडतो. ओटीजीचा दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, भिंती आणि जाळी नाही. २१० सेल्सिअसवर पूर्ण २५ मिनिटे तापवावे आणि सर्वात खालच्या जाळीवर जुना लोखंडी तवा ठेवून तोही तापू द्यावा. टिन थेट त्या तव्यावर ठेवला की तळाला पहिल्या मिनिटापासून आच लागते आणि रस मुरायच्या आत पारी धरते. तवा दांड्याचा असेल तर ओव्हनचे दार नीट बंद होते ना, हे आधी पाहून घ्यावे. टिन धातूचा हवा. काचेचे भांडे हळू तापते, आणि फ्रिजमधून काढून तापल्या तव्यावर ठेवले तर तडकू शकते. खालची-वरची दोन्ही कांडी (तापणाऱ्या सळ्या) चालू ठेवून २१० वर २० मिनिटे, मग १८० वर ४० ते ४५ मिनिटे. कडा आधी लाल होतात, त्यांच्यावर फॉइलची पट्टी वाकवून ठेवावी. रंग पाहून पाय बाहेर काढू नये. जाळीच्या मधोमध सारण जाड बुडबुडे काढत उकळताना दिसले पाहिजे, त्याशिवाय साबुदाणा पुन्हा नीट घट्ट होत नाही. लाइट गेली तर दार उघडू नये. पहिल्या १५ मिनिटांत गेली आणि लवकर आली नाही तर मात्र पदर बसतात, त्याला इलाज नाही. ज्यांच्या वाड्यावर (वस्तीत) पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, लाकडाची भट्टी अजून चालू आहे, त्यांनी पाव निघाल्यावर विचारून पाहावे. विटांची आधी जोरदार आणि मग हळूहळू उतरत जाणारी आच पायला अतिशय मानवते.

भाजलेला पाय जाळीवर चार तास ठेवावा. गरम कापला तर सारण वाहणार, कारण ते गार झाल्यावरच धरते. गोव्याच्या दमट हवेत पारी दुसऱ्या दिवशी मऊ पडतेच, हवाबंद डब्यात तर आणखी लवकर. सुती कापडाने झाकून, मुंग्यांसाठी खाली पाण्याची परात ठेवून एक दिवस बाहेर, त्यानंतर फ्रिज. खाण्यापूर्वी १६० सेल्सिअसवर १२ ते १५ मिनिटे. मायक्रोवेव्हने पारीची पोळी होते.

बाकी फळांविषयी थोडक्यात. पिकलेला मानकुराद आंबा पायमध्ये घालू नये. त्याचा सुगंध तासाभराच्या आचेत उडतो आणि उरतो गोड लगदा. तो नुसता खावा. घट्ट कैरी मात्र सफरचंदाच्या जागी नेमकी बसते. ९०० ग्रॅम फोडींना साखर-गूळ मिळून २५० ग्रॅम लागते, लिंबू नको. हिवाळ्यात पेरू उत्तम. बिया काढून गर उकळून गाळला की तोच सारण धरतो, साबुदाणा १० ग्रॅम पुरतो. फणस घ्यायचा तर कापा (घट्ट गऱ्यांचा). रसाळ गरे शिजले की त्यांचे तंतू दातांत येतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली मयडे गावची लांब केळी, ज्यांची फिगाद (केळ्यांची आटवलेली गोड वडी) होते, ती अननसात तिसऱ्या हिश्शाने मिसळली तर रस आटोक्यात राहतो. ती शिजवू नयेत, गार सारणात चकत्या करून घालाव्यात. काजूचे बोंड घशाला धरते, तुरटपणा काढायचा खटाटोप केला तरी पायमध्ये तो पुन्हा जाणवतो. चिकू रवाळ आणि एकसुरी. बाजारातले लाल गोड सफरचंद एकटे वापरले तर पिठूळ होते, निम्मी कैरी किंवा अननस घालावा.

गोव्याला हा पदार्थ परका नाही. एंपाद, एंपादिन्या (सारण भरून भाजलेले मोठे-छोटे पाय) इथल्या ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत, आणि अननस, पेरू, काजू ही फळे पोर्तुगीजांबरोबर आली तेव्हापासून आपल्या परसांत रुळली आहेत. इथे हात तयार आहेत, फळे आहेत, मसाले आहेत. कृती नीट हवी.

म्हणून पुरवणीत यापुढे भाजणीच्या कोणत्याही पदार्थाची कृती घेताना लेखकांकडून एवढे मागून घ्यावे: सगळी वजने ग्रॅममध्ये, तापमान सेल्सिअसमध्ये, टिनचा व्यास आणि खोली, ओव्हनमध्ये कुठली जाळी व कुठली कांडी, फळ कोणत्या जातीचे आणि किती पिकलेले, आणि ती कृती कोणत्या महिन्यात करून पाहिली आहे. जागा कमी पडत असेल तर छायाचित्र लहान छापावे.

आपली,
एक वाचक
फोंडा, गोवा